आमच्या गटात एकाच प्रकारची माणसं का येतात?

पत्र, थोडक्यात: लेखिका पन्नाशीच्या आहेत. नोकरी सांभाळून एका स्वयंसेवी गटाचं समन्वयाचं काम पाहतात. गटाची कामं दोन: अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना संध्याकाळी वाचन आणि गणित शिकवणं, आणि रुग्णालयात ज्यांच्याजवळ कुणीच नसतं अशा रुग्णांना सोबत करणं. यादीत साठ नावं आहेत, पण भार वाहतात ती तेरा माणसं. ही तेराही जणं शिकलेली, स्थिरस्थावर, बहुतेक चाळिशीच्या पुढची. त्यांत नऊ बायका. शिकायला येणारी मुलं मात्र जवळच्या कामगार वस्तीतली, आणि त्या वस्तीतून एकही स्वयंसेवक नाही. तरुण मुलं एखाद-दोनदा येतात आणि दिसेनाशी होतात. वस्तीत पाठवलेल्या ऑनलाइन प्रश्नावलीला जेमतेम चार उत्तरं आली. बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "त्या लोकांना समाजकार्याची जाणीवच नाही." लेखिकेला ते खटकलं, पण खोडून काढता आलं नाही. समितीपुढे आता तीन प्रस्ताव आहेत. ज्यांची मुलं शिकायला येतात त्या पालकांना महिन्यातून दोन दिवस काम सक्तीचं करावं. किंवा वस्तीतल्या लोकांना मानधन देऊन बोलवावं. किंवा हा नाद सोडून आहेत त्या माणसांवर भागवावं. लेखिका विचारतात, "यातलं काय निवडू? आणि त्या सदस्यांचं म्हणणं खरंच असेल तर?"

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. वर्ग भरतात त्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या बाईंना तुम्ही एकदा विचारलंत, "येणार का आमच्यात?" त्या म्हणाल्या, "आम्हाला कुठं जमतंय असलं काही." आणि लगेच पुढच्या ओळीत तुम्ही लिहिता की या बाई शेजारणीच्या दोन मुलांना रोज शाळेतून आणतात, आई कामावरून येईपर्यंत आपल्याकडे बसवून घेतात. वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजी आजारी पडल्या तेव्हा दोन रात्री त्यांच्या उशाशी याच बसल्या होत्या.

मुलांकडे बघणं आणि आजारी माणसाला सोबत करणं. तुमच्या गटाची जी दोन कामं, तीच दोन त्या बाई करताहेत. फक्त त्यांचं नाव कुठल्या यादीत नाही. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: त्या सदस्यांचं म्हणणं खरं नाही. पण ते का खरं नाही हे नीट पाहिल्याशिवाय तिन्ही प्रस्तावांचं काय करायचं तेही ठरणार नाही, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

स्वयंसेवा मोजायची कशी हा प्रश्न तुमच्याआधी बऱ्याच लोकांना पडला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ मध्ये त्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. आपल्या घराबाहेरच्या कुणासाठी मोबदला न घेता, सक्ती नसताना केलेलं काम ती स्वयंसेवेत धरते, मग ते संस्थेमार्फत केलेलं असो की थेट त्या माणसासाठी. पाहणी करणाऱ्यांना या पुस्तिकेनं आणखी एक शहाणपणाची सूचना केली आहे: लोकांना "तुम्ही स्वयंसेवा करता का" असं विचारू नका, गेल्या चार आठवड्यांत इतरांसाठी काय काय केलंत ते विचारा. कारण पहिल्या प्रश्नाला त्या बाईंसारखी असंख्य माणसं मनापासून "नाही" म्हणतात.

असं नीट मोजलं की चित्र पालटतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालात जगभरातले अंदाज एकत्र केले आहेत. पंधरा आणि त्याहून अधिक वयाच्या लोकांपैकी जवळजवळ १५ टक्के, म्हणजे ८६ कोटींहून अधिक माणसं, दर महिन्याला काही ना काही स्वयंसेवा करतात. एकूण लोकांपैकी संस्थेच्या मार्फत करणारे साधारण ६.५ टक्के, थेट कुणाच्या तरी मदतीला जाणारे १४.३ टक्के. काही माणसं दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळणार नाही. पण संस्थांच्या हजेरीपटावर जेवढी माणसं दिसतात त्याच्या दुपटीहून जास्त माणसं पटाबाहेरचं काम करत असतात, एवढं यातून स्पष्ट दिसतं. तुमच्या समितीपुढे फक्त पट आहे आणि त्यावरून ती अख्ख्या वस्तीच्या मनाची परीक्षा करते आहे.

तुमच्या प्रश्नावलीचंही तसंच. चार उत्तरं आली म्हणून तुम्ही खट्टू झालात. पण अशा पाहण्यांचा एक मूळचाच दोष आहे, आणि अमेरिकेतल्या २००९ च्या एका अभ्यासानं तो मोजून दाखवला: जी माणसं स्वयंसेवा करतात तीच पाहणीला उत्तर द्यायलाही तयार असतात, कारण प्रश्नावली भरून देणं हेही परक्याला केलेलं साहाय्यच आहे. ज्यांचा संस्थांशी संबंध नाही ते तिथंही गैरहजर राहतात. म्हणजे तुमच्या चार उत्तरांतून वस्तीबद्दल काहीच कळत नाही. फार तर, तुमची लिंक कुणाच्या फोनवर पोहोचली तेवढं कळतं.

इथं मी स्वतःलाही आवर घालते, कारण या वाटेनं थोडं पुढे गेलं की "गरीब माणसंच खरी मनानं श्रीमंत" असं म्हणायचा मोह होतो. तेही न बघता बोलणंच आहे. शेजारधर्मानं होणारी मदत मोठी असते, पण ती ओळखीपाळखीतच फिरते. ज्याला शेजार आहे त्याला मिळते. रुग्णालयात एकटा पडलेला माणूस एकटा असतो तो नेमका या वर्तुळाबाहेर पडला म्हणून. त्याच्यापर्यंत पोहोचायला यादी लागते, पाळ्या लागतात, तुमच्यासारखं कुणीतरी फोन घेऊन बसावं लागतं. तेव्हा तुमचा गट अनावश्यक आहे असं मी मुळीच म्हणत नाही. उलट तो आवश्यक आहे म्हणूनच तो कुणाकुणाचा बनलेला आहे हे महत्त्वाचं ठरतं.

आता तुम्ही पाहिलेली दरी. ती खरी आहे, तुमचा भास नाही. अमेरिकेत श्रम सांख्यिकी विभाग बरीच वर्षं हे आकडे गोळा करत असे. २०१५ च्या पाहणीत, संस्थेमार्फत वर्षभरात एकदा तरी स्वयंसेवा केलेल्यांचं प्रमाण पदवीधरांमध्ये ३८.८ टक्के होतं, आणि शालेय शिक्षण पूर्ण न झालेल्यांमध्ये ८.१ टक्के. (ही पंचवीस वर्षांवरच्यांची आकडेवारी.) एका देशाचे आकडे दुसऱ्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण शिक्षणाची ही पायरी बहुतेक सगळ्या देशांच्या पाहण्यांत दिसते.

यावरून तुमचे ज्येष्ठ सदस्य म्हणतील, "बघा, मी काय सांगत होतो!" त्यांना त्याच पाहणीतला दुसरा आकडा दाखवा. अर्धवेळ नोकरी करणाऱ्यांमध्ये स्वयंसेवकांचं प्रमाण ३१.१ टक्के. पूर्णवेळ नोकरीवाल्यांमध्ये २६.३. आणि बेरोजगारांमध्ये २३.३. रिकामा वेळ हे कारण असतं तर बेरोजगार सगळ्यांत पुढे असते. ते मागे आहेत. नोकरी गेली की वेळ हातात येतो, पण ज्यांच्यामुळे अशा कामांची खबर लागते ती माणसं सुटतात, आणि चारचौघांत जायचं मनही होत नाही. बायका-पुरुषांचं, लग्न झालेल्या-न झालेल्यांचं, लहान मुलं असलेल्यांचं प्रमाण बघत गेलात तर हेच पुन्हा पुन्हा समोर येतं. मुलं शाळेत गेली की आईबाप शाळेच्या कामात ओढले जातात. नियमानं प्रार्थनास्थळी जाणारे लोक जास्त स्वयंसेवा करतात, आणि त्यातही श्रद्धा किती गाढ यापेक्षा तिथं मित्र किती यावर जास्त अवलंबून असतं असं अभ्यासकांना आढळलं आहे. माणूस कुठे कुठे गुंतलेला आहे आणि तिथं त्याला कुणी हाक मारली का, यावर फार काही ठरतं.

हाकेबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण तुमच्या हातात सगळ्यांत जास्त तेच आहे. त्याच अमेरिकी पाहणीत स्वयंसेवकांना विचारलं होतं, तुम्ही या कामात आलात कसे? पाचांपैकी साधारण दोघांनी सांगितलं की आपणहून आलो. आणि जवळजवळ तेवढ्यांनीच सांगितलं की कुणीतरी बोलावलं. आपण बोलावतो कुणाला? ज्यांचा नंबर आपल्याकडे असतो, ज्यांच्याकडे जाणं-येणं असतं, जे "हो" म्हणतील असं वाटतं, त्यांना. ती माणसं पुढे त्यांच्यासारख्यांनाच बोलावतात. काही वर्षांत गट आपोआप एका रंगाचा होतो, आणि त्यासाठी कुणी कुणाला टाळलेलं असावं लागत नाही. एक शंका इथं रास्त आहे: जे तसेही आलेच असते त्यांनाच बोलावलं जात असेल, मग बोलावण्याचं श्रेय किती? काही अंशी हे खरंच आहे. पण ज्यांना कधीच बोलावणं गेलं नाही त्यांच्याबद्दल "ते येत नाहीत" असं म्हणायचा हक्क त्यामुळे मिळत नाही.

एका संध्याकाळी यादी घेऊन बसा. साठही नावांपुढे लिहा, या व्यक्तीला गटात कुणी आणलं. मला वाटतं, निम्म्याहून अधिक धागे दोन-तीन माणसांपाशी जाऊन मिळतील, त्यातलं एक नाव कदाचित तुमचंच असेल. हा कागद पुढच्या बैठकीत न्या. जाणीव कुणाला आहे आणि कुणाला नाही या वादापेक्षा तो कागद जास्त बोलेल. ज्येष्ठ सदस्यांना आकडे फेकून मारू नका, त्यांनी मन लावून वर्षं दिली असतील. त्यांना एवढंच विचारा की तुम्हाला पहिल्यांदा कुणी आणलं होतं.

वेळेबद्दलही एक गोष्ट. तुमची आठवड्याची बैठक बुधवारी साडेपाचला असते. कचेरीतला माणूस साहेबाला सांगून अर्धा तास आधी निघू शकतो, तुम्हीही निघता. पाळीत काम करणाऱ्याला पुढच्या आठवड्याची पाळी कधी कधी आदल्या दिवशी कळते. रोजंदारीवाल्यानं दुपार सोडली तर त्याची मजुरी जाते. घरकाम करणाऱ्या बाईचे साडेपाच म्हणजे दुसऱ्या घरातून तिसऱ्या घरात जायची वेळ. या माणसांकडे दिवसाकाठी मोकळे तास कमीच असतात असं नाही, पण ते कधी मोकळे होतील हे त्यांच्या हातात नसतं. आणि तुमचा गट मागतो नेमकं तेच, दर बुधवारी न चुकता यायचं वचन. देता येणार नाही असं वचन न देणं हा प्रामाणिकपणा आहे. आपण त्याला बेफिकिरी समजतो.

मग तुमचा अर्ज. तुम्ही त्याची प्रत सोबत जोडली हे फार बरं केलंत. दोन पानं. शिक्षण, हुद्दा, ई-मेल, "यापूर्वीचा स्वयंसेवेचा अनुभव", "आपली विशेष कौशल्ये", आणि शेवटी "आपल्याला समाजकार्य का करावेसे वाटते?" यासाठी आठ ओळी. आठवी शिकलेल्या बाईनं हा कागद हातात घेतला तर दुसऱ्याच रकान्यात तिला कळतं की हे आपल्यासाठी नाही. मुलांशी संबंध येतो, तेव्हा ओळखपत्राची शहानिशा, दोन ओळखीच्या माणसांची नावं आणि सुरुवातीचे दिवस कुणाच्या तरी सोबतीनं काम, हे ठेवलंच पाहिजे. त्यात सूट कुणालाच देऊ नका, शिकलेल्यांनाही नाही. बाकीचं काढून टाका. आणि जो अर्ज उरेल तो समोर बसून, बोलता बोलता तुम्ही भरा.

आता समितीचे प्रस्ताव. सक्तीचा विचार सरळ मोडीत काढा. सक्ती आली की ती स्वयंसेवा राहत नाही, वर सांगितलेल्या व्याख्येतच ते आहे. पण व्याख्येपेक्षा माझी काळजी वेगळी आहे. इथं सक्ती फक्त एका गटावर होणार, ज्यांची मुलं मदत घेतात त्यांच्यावर. ज्यांना मदत लागत नाही ते मनाप्रमाणे येणार, आणि ज्यांना लागते त्यांनी ती फेडायची. अशानं काही पालक मुलालाच वर्गातून काढून घेतील, आणि तेही ज्याला वर्गाची सगळ्यांत जास्त गरज आहे अशा मुलाला.

मानधनाचं उत्तर इतकं सरळ नाही, कारण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. खिशातून जाणारा खर्च भरून देणं ही एक, आणि कामाचे पैसे देणं ही दुसरी. पहिली करा, आजपासून करा, आणि सगळ्यांसाठी करा. प्रवासाचं भाडं, फोनचा खर्च, वह्या-पेन. मागेल त्याला देऊ असं ठेवलंत तर ज्याला गरज आहे तोच मागणार नाही. महिनाअखेरीला सगळ्यांना सारखीच रक्कम द्या. ज्यांना नको ते गटाला परत करतील. दुसरी गोष्ट, कामाचे पैसे. त्याला माझी तत्त्व म्हणून हरकत नाही, पण एकाच कामासाठी वस्तीतल्यांना पैसे आणि बाकीच्यांना नाही, असं करू नका. महिन्याभरात त्या लोकांना "पगारी माणसं" म्हणून हुकूम सोडले जातील. एखादं काम रोजचं, ठरलेल्या तासांचं, दमवणारं असेल, रुग्णालयातली रात्रपाळी मला तशी वाटते, तर ती जागा मोकळेपणानं पगारी करा, अर्ज मागवा, रीतसर वेतन द्या. एखाद्याच्या फुकट श्रमांवर कायम चालेल अशी रात्रपाळी उभी करणं मला बरोबर वाटत नाही, मग ती व्यक्ती कितीही आनंदानं येत असो.

राहिला तिसरा प्रस्ताव, आहेत त्यांच्यावर भागवायचं. यात एक दिलासा आहे तो आधी घ्या. साठांत तेरा ही तुमची नामुष्की नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या पाहण्यांवर २०१२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की स्वयंसेवेचे जवळजवळ नव्वद टक्के तास सुमारे एक तृतीयांश लोकांकडून येतात. कॅनडातही असाच छोटा गाभा दिसला आहे. सगळीकडे थोडे लोक पुष्कळ करतात. पण हा गाभा मध्यमवयीन, शिकलेला, सुस्थितीतला असतो हेही त्याच अभ्यासांतून दिसतं. त्यावरच भागवलं तर कुठलं काम करायचं, कसं करायचं, कुणाला मदतीची गरज आहे, हे सगळं त्या थोड्यांच्या नजरेतून ठरतं. आणि वस्तीतलं मूल वर्षानुवर्षं बघत राहतं की शिकवणारं माणूस नेहमी बाहेरून येतं. तेव्हा भागवा जरूर, पण तोच पुढचा बेत होऊ देऊ नका.

निवृत्त लोक आले की प्रश्न सुटेल, असं तुमच्या समितीतल्या काहींना वाटतं असं तुम्ही लिहिलंत. थोडा सुटेल. २०१५ च्या त्याच आकड्यांत सर्वांत जास्त प्रमाण ३५ ते ४४ वयाच्यांचं होतं, २८.९ टक्के, ज्यांच्यामागे नोकरी, मुलं, सगळंच असतं. पासष्टीपुढची माणसं प्रमाणानं कमी, पण जी करतात ती भरपूर वेळ देतात: वर्षाचे मध्यक तास (म्हणजे निम्मे लोक याहून कमी देतात, निम्मे जास्त) ९४, सगळ्या वयांचे मिळून ५२. आणि निवृत्तीनंतर काम करणारे बहुतेक लोक आधीपासून कुठे ना कुठे करत आलेले असतात. पासष्टाव्या वर्षी कोरी सुरुवात करणारे थोडे. म्हणजे पुढच्या दहा वर्षांतले तुमचे भरवशाचे ज्येष्ठ आज पन्नाशीत आहेत, त्यांना महिन्यातून एकदा का होईना पण आत्ताच कामाला लावा.

तरुणांवरचा राग मात्र सोडा. वीस ते चोवीस हे वय सगळ्यांत कमी प्रमाणाचं, १८.४ टक्के. शिक्षण, पहिली नोकरी, राहायची जागा, काहीच स्थिर नसतं. त्यांना सुरुवात आणि शेवट असलेलं काम द्या: परीक्षेआधीचे तीन शनिवार, पुस्तकांची एक यादी, नव्या स्वयंसेवकांना फोनवर नोंद कशी करायची ते शिकवणं. झालं की आभार मानून मोकळं करा. जो मोकळा होऊन जातो तो पुन्हा यायला कचरत नाही. तोंड चुकवून गेलेला मात्र परत येत नाही.

तुमच्या गटात कामं कशी वाटली जातात तेही एकदा तपासा. तेरांत नऊ बायका, पण समितीत पाचांपैकी चार पुरुष, असं तुमच्याच पत्रात आहे. हा पाट सगळीकडे असाच वाहतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगभरच्या स्वयंसेवेच्या श्रमांत बायकांचा वाटा ५७ टक्के आहे. शिक्षणावरूनही कामं विभागली जातात, शिकलेल्यांकडे सल्ला आणि व्यवस्थापन, कमी शिकलेल्यांकडे उचल-ठेव आणि वाटप. वस्तीतली पहिली व्यक्ती येईल तेव्हा तिच्या हाती खुर्च्या लावायचं काम देऊ नका. दुसऱ्या आठवड्यात कुठलातरी निर्णय तिच्या सल्ल्यानं घ्या. मुलं संध्याकाळी सातला का गळतात, हे तिला नक्की ठाऊक असेल. तुम्ही दोन वर्षं त्याचाच शोध घेताहात.

आणि आता त्या बाई. त्यांना पुन्हा विचारा, पण "आमच्यात येणार का" असं नको. त्या म्हणाल्या ते बरोबरच आहे, त्यांना आणखी एक काम नको आहे. त्यांना विचारा की तुम्ही त्या दोन मुलांना सांभाळता, त्यात आमची काही मदत होईल का. कदाचित त्या मुलांना तुमच्या वर्गात बसवून बाईंना तासभर मोकळा मिळेल. कदाचित त्यांच्यासारख्या आणखी तिघी त्यांच्या ओळखीच्या असतील आणि चौघींनी वार वाटून घेतले तर प्रत्येकीचं ओझं हलकं होईल, गटानं फक्त जागा द्यायची. मला हा मार्ग जास्त पटतो. वस्तीतली माणसं आपल्या कामात यावीत म्हणून धडपडण्याऐवजी, वस्तीत जे काम चाललंच आहे त्याला गटानं हात लावायचा. त्यात त्या बाईंचं नाव तुमच्या यादीत येईल की नाही, सांगता येत नाही. नाही आलं तरी चालवून घ्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही एक-दोन शब्द. आपण कुठल्याच संस्थेत नाही म्हणून ज्यांना खंत वाटते, त्यांनी गेल्या चार आठवड्यांत घराबाहेरच्या कुणासाठी काय केलं ते एकदा आठवून बघावं. आणि काहीच आठवलं नाही, पण करावंसं वाटत असेल, तर बोलावण्याची वाट बघू नका. बोलावणारी माणसं आपल्याच वर्तुळात फिरत असतात, ती तुमच्यापर्यंत येतीलच असं नाही. जवळच्या एखाद्या गटाला जाऊन सांगा की मी अमुक एवढं करू शकते, अमुक दिवशी, अमुक महिन्यापर्यंत. थोडं सांगा आणि तेवढं पाळा. आणि जे माझ्या या ताईंसारखे गट चालवतात त्यांना विनंती: वर्षातून दोनदा अशा माणसाला विचारा ज्याचा नंबर तुमच्याकडे नाही. त्यासाठी आधी कुणाकडून तरी तो मिळवावा लागेल, आणि खरं काम तिथंच सुरू होतं.

ताई, तुम्हाला पुढच्या तीन महिन्यांसाठी इतकंच सुचवते. यादीचा कागद करा. अर्ज एका पानाचा करा. खर्चाची रक्कम सगळ्यांना सुरू करा. एक बैठक रविवारी सकाळी, वस्तीतच घ्या, आणि तिथं बोलू कमी, ऐकू जास्त असं ठरवून जा. नऊ-दहा जणांना स्वतः भेटून, ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी विचारा. बहुतेक जण नाही म्हणतील. दोघं हो म्हणाले तरी पुष्कळ झालं, कारण पुढचे चौघं त्या दोघांच्या ओळखीतून येतील, तुमच्या नव्हे. "नाही" म्हणणाऱ्यांना कारण मात्र जरूर विचारा आणि लिहून ठेवा. तीच तुमची खरी प्रश्नावली.

सक्तीचा प्रस्ताव याच महिन्यात मताला येणार असेल तर बैठकीआधी त्या ज्येष्ठ सदस्यांना एकटं गाठून बोला, सगळ्यांसमोर नको. आणि रुग्णालयाच्या पाळ्यांचा फोन सध्या तुम्ही एकट्याच सांभाळता, तो एक महिना दुसऱ्या कुणाकडे द्या. तेरांपैकी कुणीही चालेल.